तलवार आणि तिचा कागद

बेळगाव-निपाणीकडील कित्येक जुन्या घरांतून खंडेनवमीला अजूनही तलवार निघते. तिला हळदकुंकू लागते, झेंडूचे फूल वाहिले जाते. परंतु ती कोणी, कोणत्या स्वारीत धरली, असे विचारले तर घरची मंडळी एकमेकांकडे पाहतात. उत्तर ज्या मोडी कागदांत होते, ते वाळवीने खाल्लेले किंवा रद्दीत गेलेले असतात. सरलष्कर सिद्धोजीराव निंबाळकरांच्या मुलखात ही स्थिती, मग इतरत्र काय सांगावे?

अमेरिकेत १८६१ ते १८६५ च्या यादवी युद्धातील सेनाधिकाऱ्यांच्या तलवारी, पत्रे, छायाचित्रे जमविणारे हौशी पुष्कळ आहेत. तेही तलवार कोणाची होती याचा कागद आधी मागतात. तो नसला की तिचे मोल उतरते. कागदाची ही किंमत आपल्याकडे ज्यांनी वेळीच ओळखली, त्यांत साताऱ्याचे रावबहादूर दत्तात्रय बळवंत पारसनीस अग्रगण्य होत.

त्यांचा जन्म २७ नोव्हेंबर १८७० चा. पंचविशीच्या आतच, १८९४ साली, त्यांनी झाशीच्या राणी लक्ष्मीबाईंचे चरित्र प्रसिद्ध केले. राणीसाहेब धारातीर्थी पडल्याला तेव्हा अवघी ३६ वर्षे झाली होती. त्यांचे दत्तकपुत्र दामोदरराव इंदुरास हयात होते. पुढे बायजाबाई शिंद्यांचे चरित्र आले. मेणवलीचे नाना फडणिसांचे दप्तर पारसनिसांनी मिळविले आणि जुनी चित्रे व हस्तलिखितेही जमविली.

मात्र हे सारे त्यांनी पेटीत कोंडून ठेवले नाही. १९०८ पासून ‘इतिहाससंग्रह’ मासिकातून ते जुने कागद छापीत गेले. किंकेड साहेबांच्या जोडीने मराठ्यांचा इतिहास तीन खंडांत इंग्रजीतही आणला. १९२५ साली साताऱ्यास संग्रहालयाची इमारत उभी राहिली आणि ३१ मार्च १९२६ रोजी त्यांनी देह ठेवला. १९३९ साली तो संग्रह पुण्याच्या डेक्कन कॉलेजात गेला.

गवयाने चीज शिष्याला दिली नाही, तर ती त्याच्याबरोबरच जाते. घराण्याच्या कागदांचेही तसेच आहे. येत्या खंडेनवमीला तलवार पुसून झाली, की माळ्यावरची पेटीही उघडावी आणि आतले रुमाल मोडी जाणणाऱ्याला दाखवावेत. असे जाणकार आता थोडेच उरले आहेत.