खाली बसवलेला पोरगा

तोरणमाळला यशवंत तलावाजवळ एका चर्चच्या युवक शिबिराची बातमी करायला गेले होते. खुर्च्या मांडणं, माईक लावणं, चहा वाटणं, रील काढणं, सगळं पोरंपोरी करत होती. आणि स्टेजवर? चाळिशीच्या आतलं एकही माणूस नाही. तुमच्या गॅदरिंगच्या कमिटीत नाहीतर गणेश मंडळात तरी वेगळं काय असतं म्हणा! शहाद्याकडे उतरताना गाडीत मला विल्यम कॅरी आठवला.

नाव ऐकलं असेल. मराठी छपाईच्या इतिहासात हमखास येतं. १८०५ मध्ये मराठीचं व्याकरण आणि १८१० मध्ये मोडीत छापलेला मराठी-इंग्रजी कोश, दोन्ही त्याचेच. महाराष्ट्रात पाऊल न ठेवता त्याने हे केलं. बंगालमध्ये, वैजनाथ पंडितांच्या मदतीने.

पण मला त्याची दुसरी गोष्ट सांगायचीय.

१७६१ चा जन्म, इंग्लंडमधल्या एका खेड्यातला. बाप विणकर. चौदाव्या वर्षी पोरगा चांभारकामाला लागला. जोडे शिवता शिवता लॅटिन, ग्रीक, हिब्रू शिकला. पुढे बाप्टिस्ट झाला. या पंथात तान्ह्या बाळाचा बाप्तिस्मा करत नाहीत, कळत्या वयात स्वतः ठरवून तो घ्यायचा असतो. वर बिशप नाही, प्रत्येक मंडळी आपला कारभार आपण बघते. म्हणजे तरुणांना बोलायला जागा असायला हवी, बरोबर?

पंचविशीच्या आसपास पाळकांच्या एका बैठकीत त्याने विचारलं, दूरच्या देशांत जाऊन धर्म सांगणं हे आपलं काम नाही का? जॉन रायलंड नावाच्या ज्येष्ठांनी त्याला खाली बसवलं. देवाला वाटेल तेव्हा तो करील, त्याला तुझी गरज नाही, अशा अर्थाचं सुनावलं म्हणे. ‘म्हणे’ मुद्दाम लिहिलंय. रायलंड यांच्या मुलाने पुढे हा किस्सा साफ नाकारला. आणि कॅरीला बाप्तिस्मा देणारा हाच मुलगा!

कॅरी गप्प बसला नाही. मे १७९२ मध्ये त्याने आपलं म्हणणं पुस्तिका म्हणून छापलं. २ ऑक्टोबरला केटरिंग गावात एका विधवा बाईंच्या घरी चौदा जण जमले आणि बाप्टिस्ट मिशनरी सोसायटी निघाली. वर्गणी कबूल झाली १३ पाउंड, २ शिलिंग, ६ पेन्स. कॅरी ३१ वर्षांचा, सेक्रेटरी अँड्र्यू फुलर ३८ चा आणि सॅम्युअल पिअर्स अवघा २६ चा.

पण एक खटकतंच. भारतात जातो म्हणून त्याने शब्द दिला, तेव्हा बायको डोरोथीला विचारलंच नव्हतं. ती आधी नाही म्हणाली, मग आली. १७९४ मध्ये पाच वर्षांचा पीटर गेला आणि तिचं मन बिघडलं ते १८०७ मध्ये ती जाईपर्यंत सावरलं नाही. खाली बसवल्या गेलेल्या माणसानेही घरात तेच केलं.

१८०० मध्ये सगळे डॅनिश लोकांच्या श्रीरामपूरला आले. आपलं नगरचं नव्हे, बंगालमधलं. जोशुआ मार्शमन, विल्यम वॉर्ड आणि कॅरी यांचा स्वयंपाक एक, खजिना एक. फोर्ट विल्यम कॉलेजात शिकवून मिळणारा पगारही कॅरी त्यातच टाकायचा. थोरला मुलगा फेलिक्स पंधराव्या वर्षीच छापखान्यात राबत होता. पोरांवर जबाबदारी टाकायला ही माणसं कचरत नव्हती.

मग १८१४ मध्ये युस्टस कॅरी आला. सख्खा पुतण्या, वय २३, माझ्याहून वर्षभरानेच मोठा. १८१७ मध्ये विल्यम पिअर्स आला. तोही २३ चा, आणि त्या सॅम्युअल पिअर्सचाच मुलगा! या तरुणांची तक्रार काय? सगळे निर्णय तीन ज्येष्ठांच्या हातात. मार्शमनवर तर जास्तच राग. आता कॅरीला ‘ते’ म्हणायला हवं, कारण ते ज्येष्ठ झाले होते. त्यांनी मार्शमनची बाजू घेतली. पुतण्याचं म्हणणं त्यांना लागलं, पटलं मात्र नाही.

तरुण कलकत्त्याला गेले. १८१८ मध्ये त्यांनी वेगळा बाप्टिस्ट मिशन प्रेस काढला. त्याच वर्षी ज्येष्ठांनी श्रीरामपूरला कॉलेज सुरू केलं, कुठल्याही जातीधर्माच्या मुलांसाठी. म्हणजे कॉलेजातली पोरं चालत होती, कारभारातली नव्हती. माझं मत हं हे. ज्येष्ठांची बाजूही होती: छापखाना, जमीन, इमारती त्यांनी स्वतःच्या कमाईतून उभ्या केल्या होत्या. फुलर १८१५ मध्ये वारल्यावर इंग्लंडची नवी कमिटी त्यावर हक्क सांगू लागली. वाद चिघळला. १८२७ मध्ये श्रीरामपूर त्या सोसायटीतूनच बाहेर पडलं, जी कॅरींनी ३१ व्या वर्षी उभी केली होती.

९ जून १८३४ रोजी ते श्रीरामपूरलाच वारले. दोन्ही गट पुन्हा एक झाले १८३७ मध्ये. त्याच्या आदल्या वर्षी कॅरींचं चरित्र छापून आलं होतं. लिहिणारा होता युस्टस.