जेम्स सम्नर : विकरांचे खरे स्वरूप दाखवणारा शास्त्रज्ञ

अन्नाचे पचन असो वा बीजाचे अंकुरण, सजीवांतील रासायनिक क्रिया योग्य वेगाने घडतात त्या विकरांमुळे, म्हणजेच एन्झाइममुळे. मात्र विकर हे नेमके कोणते द्रव्य, याविषयी विसाव्या शतकाच्या प्रारंभी मोठाच वाद होता. त्याला निर्णायक वळण देणारे जेम्स बॅचेलर सम्नर यांचे चरित्र विद्यार्थ्यांनी व पालकांनी अवश्य जाणून घ्यावे असे आहे.

सम्नर यांचा जन्म १९ नोव्हेंबर १८८७ रोजी अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्यातील कँटन या गावी झाला. सतराव्या वर्षी शिकारीच्या वेळी सोबत्याच्या बंदुकीचा बार लागून त्यांचा डावा हात कोपराखाली कापावा लागला. ते मूळचे डावखुरे होते. त्यांनी उजव्या हाताला सर्व कामे नव्याने शिकवली; टेनिसमध्येही प्रावीण्य मिळवले. हार्वर्डमध्ये संशोधनासाठी गेल्यावर प्राध्यापक ओटो फोलिन यांनी, एका हाताच्या माणसाला रसायनशास्त्र जमणार नाही, म्हणून कायद्याचे शिक्षण घेण्याचा सल्ला दिला. सम्नर यांनी तो मानला नाही. १९१४ मध्ये त्यांनी तेथूनच डॉक्टरेट मिळवली आणि ते कॉर्नेल विद्यापीठात इथाका येथे अध्यापन करू लागले.

अध्यापनाचा भार मोठा, साधने तुटपुंजी. तरीही १९१७ मध्ये त्यांनी युरियाचे अमोनिया व कार्बन डायऑक्साइड यांत विघटन करणारे युरिएज हे विकर शुद्ध रूपात मिळवण्याचा ध्यास घेतला. शेतात टाकलेल्या युरियापासून अमोनिया होतो, तोही मातीतील सूक्ष्मजीवांच्या याच विकरामुळे. सम्नर यांनी कच्चा माल म्हणून निवडला तो आपल्याकडील अबईच्या जवळच्या नात्यातील जॅक बीन हा घेवडा. नऊ वर्षांच्या प्रयत्नांनंतर १९२६ मध्ये, पातळ केलेल्या ॲसिटोनमध्ये काढलेला अर्क रात्रभर थंडीत ठेवल्यावर, सूक्ष्मदर्शकाखाली इवले स्फटिक दिसले. ते पाण्यात विरघळवताच युरिएजची क्रिया तीव्रतेने घडू लागली. स्फटिक होते प्रथिनाचे.

नोबेल विजेते जर्मन रसायनशास्त्रज्ञ रिचर्ड विलस्टेटर यांचे मत याच्या विरुद्ध होते. प्रथिन हे केवळ वाहक असून खरे विकर निराळेच, असे ते मानत. त्यामुळे सम्नर यांच्या शोधाची अनेक वर्षे उपेक्षा झाली. पुढे जॉन नॉर्थ्रप यांनी पेप्सिनचे स्फटिक मिळवले, तेव्हा विरोध मावळू लागला. १९४६ च्या रसायनशास्त्राच्या नोबेल पारितोषिकाचा अर्धा वाटा सम्नर यांना, तर उरलेला नॉर्थ्रप व वेंडेल स्टॅन्ली यांना मिळाला. १२ ऑगस्ट १९५५ रोजी सम्नर यांचे निधन झाले.

दरम्यान ज्ञात विकरांची संख्या वाढत होती; पण पेप्सिन, ट्रिप्सिन यांसारख्या नावांवरून त्यांचे कार्य कळत नसे. म्हणून १९५६ मध्ये आंतरराष्ट्रीय आयोग नेमला गेला. १९६१ च्या त्याच्या अहवालात विकरांचे सहा वर्ग ठरले : ऑक्सिडीभवन-क्षपण घडवणारी, अणुगट एका रेणूवरून दुसऱ्यावर नेणारी, पाण्याच्या साहाय्याने बंध तोडणारी, पाण्याविना बंध तोडणारी, रेणूची अंतर्गत रचना बदलणारी आणि ऊर्जा खर्चून दोन रेणू जोडणारी. २०१८ मध्ये पटलापलीकडे आयन वा रेणू नेणाऱ्यांचा सातवा वर्ग जोडला गेला.

युरिएजचा क्रमांक ३.५.१.५ आहे. तीन म्हणजे पाण्याने विघटन, पाच म्हणजे कार्बन-नायट्रोजन बंध, एक म्हणजे सरळ साखळीचे अमाइड. शेवटचा पाच हा त्या गटातील अनुक्रम. सम्नर यांनीच १९३७ मध्ये अलेक्झांडर डाउन्स यांच्यासह स्फटिकरूपात मिळवलेले यकृतातील कॅटॅलेज मात्र पहिल्या वर्गात बसते. युरिएज घेवड्यातील असो वा जीवाणूतील, क्रमांक एकच. विकर कोठून आले, हे या वर्गीकरणात विचारले जात नाही. ते कोणते कार्य करते, एवढेच पाहिले जाते.

सम्नर यांनाही एकदा त्यांच्या उणिवेवरून जोखले गेले होते. जगाने त्यांना अखेर ओळखले ते त्यांच्या कार्यावरून. आपल्या मुलामुलींना अमुक विषय झेपणार नाही, असे कोणी सांगितले तर घराघरांत या चरित्राची आठवण व्हावी.