बांना न दिलेलं औषध

आमच्या रोहण्याकडे कुणाला धाप लागली, छातीत कफ दाटला आणि गावच्या औषधानं उतार पडला नाही, की वाट सेवाग्रामची. ‘कस्तुरबात नेलं’ म्हटलं की पुढचं सांगावं लागत नाही. गेल्या हिवाळ्यात माझ्या सासूबाईंनाही तिथेच नेलं. आठ दिवस खोकला अंगावर काढला होता, कुणाला म्हणून सांगितलं नाही. निघाला न्यूमोनिया. सलाईनमधून औषध सुरू झालं, तिसऱ्या दिवशी ताप उतरला. त्यांच्या उशाशी बसल्या बसल्या मनात सारखं येत होतं, की ज्या बाईचं नाव या दवाखान्याला आहे, तिला शेवटी न्यूमोनियानंच गाठलं होतं. औषध दाराशी आलं होतं, पण दिलं गेलं नाही.

कस्तुरबा पोरबंदरच्या, जन्म १८६९चा. कोवळ्या वयात लग्न झालं, पदरी चार मुलगे. दक्षिण आफ्रिका, तिथला १९१३ मधला तुरुंगवास, मग साबरमती, चंपारण आणि १९३६ नंतर आपलं सेवाग्राम. आश्रमात सगळे एकाच मोठ्या खोलीत राहत. बायकामाणसाला आडोसा नको का? शेवटी जमनालालजी बजाजांनी त्यांच्यासाठी वेगळी कुटी बांधून दिली. तीच बा-कुटी. आपल्यापैकी पुष्कळजणींनी ती पाहिलेली असेल.

न्यूमोनिया बांच्या घरात आधीही येऊन गेला होता. १९०२ च्या सुमारास मुंबईत गिरगावला राहत असताना दहा वर्षांच्या मणिलालला विषमज्वर झाला, त्यात न्यूमोनिया. पोर वातात बरळत होतं. पारशी डॉक्टरांनी अंडी आणि कोंबडीचं सूप द्यायला सांगितलं. बापूंनी नकार दिला आणि पाण्याचे उपचार सुरू केले, सोबत पाणी घातलेला संत्र्याचा रस. ताप १०४ वर. एका रात्री त्यांनी ओली चादर पिळून मुलाला गुंडाळलं, वर घोंगड्या घातल्या, त्याला आईच्या हवाली केलं आणि जीव घाबरा झाला म्हणून चौपाटीवर फिरायला गेले. परत आले तेव्हा घाम सुटून ताप उतरू लागला होता. पुढे चाळीस दिवस पातळ दूध आणि फळांचे रस. पोर बरं झालं. हे कशानं झालं, देवाच्या कृपेनं, पाण्यानं की शुश्रूषेनं, हे बापूंनी स्वतःही ठामपणे म्हटलेलं नाही. मला मात्र त्या रात्री मुलापाशी बसलेली आईच दिसते.

बा मुळातल्या हट्टी. डर्बनला शस्त्रक्रियेनंतर अगदी गळून गेल्या होत्या, तरी डॉक्टरांचा गोमांसाचा रस्सा त्यांनी साफ नाकारला. तशा अवस्थेत, पावसात, त्यांना फिनिक्सच्या आश्रमात नेलं आणि तिथे त्या सावरल्या.

ऑगस्ट १९४२ मध्ये मुंबईच्या सभेत बोलण्याआधीच त्यांना अटक झाली. आर्थर रोड तुरुंगातून पुण्याला आगाखान पॅलेसमध्ये आणलं. आठवडा होत नाही तोच महादेवभाई देसाई तिथे गेले. बांची छाती आधीच अधू, जुना खोकला. जानेवारी १९४४ मध्ये हृदयविकाराचे झटके आले. रात्ररात्र आडवं पडता येईना. सोबतच्या कैद्यांपैकीच डॉ. गिल्डर आणि डॉ. सुशीला नायर उपचार करत. बांनी वैद्य मागितला, तर सरकारी परवानगीला दिवस लागले. शेवटी वैद्य शिव शर्मा आले, पण रात्री आत राहायची मुभा नाही. बिचारे फाटकाबाहेर मोटारीत झोपत.

त्यातच न्यूमोनिया झाला. पेनिसिलिन तेव्हा नवं, मुख्यतः सैनिकांसाठी राखलेलं. धाकटा मुलगा देवदास याच्या आग्रहानं ते कलकत्त्याहून विमानानं आलं. दर काही तासांनी सुई टोचावी लागेल, हे कळल्यावर बापूंनी नको म्हटलं. बापलेकांत वाद झाला. अखेर मुलानं हट्ट सोडला. २२ फेब्रुवारी १९४४, महाशिवरात्रीच्या संध्याकाळी बा बापूंच्या मांडीवर डोकं ठेवून गेल्या. चौऱ्याहत्तर वर्षांच्या होत्या.

हृदय थकलेलं, मूत्रपिंडंही साथ देईनात. औषधानं त्या वाचल्याच असत्या, असं कोण म्हणेल? मरणाच्या दारातल्या माणसाला सुया टोचू नयेत, असं मलाही एकदा वाटलेलं आहे. तरी मन अडतं ते इथे, की १९२४ मध्ये बापूंनी ससूनमध्ये अपेंडिक्सची शस्त्रक्रिया करून घेतली होती. बा गेल्यावर दोन महिन्यांच्या आत मलेरिया झाला, तेव्हा आधी नकार देऊन शेवटी क्विनाइनही घेतलं. बापूंवरची माझी श्रद्धा यानं कमी होत नाही, पण बांच्या बाजूनं हे बोलावंसं वाटतं. पुढे अकरा वर्षांनी, १९५५ मध्ये, त्याच पुण्याजवळ पिंपरीला पेनिसिलिनचं उत्पादन सुरू झालं.

त्या खोलीत बांची शुश्रूषा करणाऱ्या सुशीलाबेननीच पुढे सेवाग्रामचं हे रुग्णालय वाढवलं आणि १९६९ मध्ये तिथे मेडिकल कॉलेज काढलं. सासूबाईंना नर्सनं पहिली सुई टोचली, तेव्हा त्यांनी तोंड फिरवून माझा हात घट्ट धरला. नवव्या दिवशी घरी आलो. उंबऱ्यातच त्यांनी विचारलं, गाईला चारा कोणी घातला.