जेऊरचे ग्रहण आणि रापलेले लघुग्रह

बारामती-इंदापूर रस्त्यावरच्या काटेवाडीच्या पूर्वेला, भीमेपलीकडे करमाळा तालुक्यात जेऊर आहे. २२ जानेवारी १८९८ रोजी तेथून खग्रास सूर्यग्रहण दिसले. पुण्याहून दुर्बिणी आणि वर्णपटमापक घेऊन कावसजी दादाभाई नायगमवाला तेथे पोहोचले होते. अमेरिकेच्या लिक वेधशाळेचे पथकही जेऊरलाच होते. खग्रास स्थिती जेमतेम दोन मिनिटांची. तेवढ्यात सूर्याभोवतीच्या प्रभामंडलाची छायाचित्रे घ्यायची होती.

नायगमवाला यांचा जन्म १८५७ चा. मुंबईत एल्फिन्स्टन कॉलेजात शिकवत असताना भावनगरचे महाराज तख्तसिंहजी यांच्याकडून त्यांनी देणगी मिळवली. त्यातून पुण्याच्या सायन्स कॉलेजात महाराजा तख्तसिंहजी वेधशाळा उभी राहिली आणि २० इंची परावर्ती दुर्बीण आली. जेऊरच्या वेधांचा अहवाल त्यांनी पुढे पुस्तकरूपाने प्रसिद्ध केला.

या प्रभामंडलातून विद्युतभारित कणांचा झोत सतत बाहेर पडतो, हे तेव्हा कोणालाच ठाऊक नव्हते. १९५८ मध्ये यूजीन पार्कर यांनी तो सिद्धान्त मांडला. हाच सौरवारा. हवेचे कवच नसलेल्या लघुग्रहांवर तो थेट आदळतो. सूक्ष्म उल्काकणांचा माराही चालूच असतो. त्यामुळे खडकावर लोखंडाचे अतिसूक्ष्म कण तयार होतात आणि पृष्ठभाग उन्हात रापल्यासारखा काळपट, तांबूस होतो. म्हणूनच पृथ्वीवर पडणाऱ्या बहुतेक उल्कापाषाणांचा रंग लघुग्रहांशी जुळत नसे. जपानच्या हायाबुसा यानाने २०१० मध्ये इटोकावा लघुग्रहाची धूळ आणली, तेव्हा हे कोडे सुटले.

काही लघुग्रह मात्र ताजेतवाने दिसतात. पृथ्वीजवळून जाताना तिच्या गुरुत्वाकर्षणाने ते हादरतात, वरची माती सरकते आणि खालची न रापलेली उघडी पडते, असे शास्त्रज्ञांना वाटते. १३ एप्रिल २०२९ रोजी अपोफिस हा लघुग्रह पृथ्वीपासून सुमारे ३२ हजार किलोमीटरवरून जाईल. तेव्हा ही कल्पना पारखून पाहता येईल.

नायगमवाला १९१२ मध्ये निवृत्त झाले आणि वेधशाळाही बंद झाली. त्यांची जागा घ्यायला दुसरे कोणी तयारच झाले नव्हते. दुर्बीण कोडाईकनालला गेली. १९३८ मध्ये त्यांचे निधन झाले, तेव्हा पुण्यातल्या त्या वेधशाळेला बंद होऊन पाव शतक लोटले होते.