कृपाबाई सत्यनाथन

कृपाबाई सत्यनाथन (माहेरचे आडनाव खिस्ती, १४ फेब्रुवारी, १८६२ : अहमदनगर – ३ ऑगस्ट, १८९४ : मद्रास) या इंग्रजीतून लिहिणाऱ्या आरंभीच्या भारतीय कादंबरीकार होत्या. ‘सगुणा’ आणि ‘कमला’ या त्यांच्या दोन कादंबऱ्या व्हिक्टोरिया राणीच्या कारकिर्दीच्या उत्तरार्धात मद्रासमध्ये प्रसिद्ध झाल्या. धर्म स्त्रीच्या वाट्याला कसा येतो आणि त्यात तिची स्वतःची निवड किती असते, हा या दोन्ही कादंबऱ्यांचा मूळ विषय आहे.

बालपण व शिक्षण

वडील हरिपंत खिस्ती हे अहमदनगरच्या अमेरिकन मिशनमध्ये ख्रिस्ती झालेल्या पहिल्या ब्राह्मणांपैकी एक. आई राधाबाई पतीमागोमाग त्या धर्मात आल्या. कृपाबाई लहान असतानाच वडील वारले. थोरला भाऊ भास्कर याने त्यांना वाचनाची गोडी लावली. त्याच्याही अकाली मृत्यूचा त्यांच्या मनावर खोल आघात झाला. पुढे त्या मुंबईतील मिशनच्या वसतिगृहशाळेत शिकल्या. वैद्यकीच्या शिक्षणासाठी इंग्लंडला जाण्याची संधी आली होती, पण नाजूक प्रकृतीमुळे ती सोडावी लागली. त्याऐवजी १८७८ मध्ये त्यांनी मद्रास वैद्यकीय महाविद्यालयात प्रवेश घेतला. पहिल्या वर्षी त्यांनी उत्तम यश मिळवले, परंतु वर्षभरातच प्रकृती ढासळली आणि शिक्षण कायमचे थांबले.

मद्रासमध्ये त्या रेव्हरंड डब्ल्यू. टी. सत्यनाथन यांच्या घरी राहत. केंब्रिजहून परतलेले त्यांचे पुत्र सॅम्युएल यांच्याशी कृपाबाईंचा विवाह झाला. पतीच्या नोकरीमुळे उटकमंड, राजमहेंद्री व कुंभकोणम येथे राहून हे दांपत्य १८८६ मध्ये मद्रासला परतले. उटकमंडला कृपाबाईंनी मुसलमान मुलींसाठी शाळा काढली आणि वृत्तपत्रात लेखन सुरू केले.

कादंबऱ्या

‘सगुणा’ मद्रास ख्रिश्चन कॉलेजच्या मासिकात १८८७-८८ मध्ये क्रमशः आली. पुस्तकरूप लेखिकेच्या मृत्यूनंतर, १८९५ मध्ये मिळाले. कादंबरी आत्मचरित्रपर आहे, पण तिचा आरंभ आईच्या कथेने होतो. बालवयात लग्न झालेल्या राधेला पतीचे धर्मांतर कळते तेव्हा ती भयभीत होते. नवा धर्म तिच्या पुढ्यात येतो तो पतीचा निर्णय म्हणून. मुलगी सगुणा मात्र शिकते, मागणी घालणाऱ्याला नकार देते आणि स्वतःच्या मनाने जोडीदार निवडते. तरीही हे पुस्तक धर्मांतराचे प्रचारपत्रक ठरत नाही. एतद्देशीय ख्रिस्ती मुलींना कमी लेखणाऱ्या मिशनरी बायकांची अढी सगुणेला बोचते, आणि लेखिका ते लपवत नाही.

‘कमला’ (१८९४) ही हिंदू घरातील कथा आहे. संन्यासी पित्याच्या सहवासात मोकळेपणी वाढलेली कमला सासरच्या जाचात सापडते. पती गणेश प्रथम तिला शिकवू लागतो, पण घरातल्या बायकांच्या टोमण्यांपुढे माघार घेतो. वैधव्य आल्यावर तिच्यावर प्रेम करणारा रामचंद्र पुनर्विवाहाची मागणी घालतो. मन ओढ घेत असूनही कमला नकार देते आणि विधवा व अनाथ यांच्या सेवेत आयुष्य घालवते. एका ख्रिस्ती लेखिकेने हिंदू नायिकेच्या श्रद्धेला कथेत दिलेला हा मान लक्षणीय आहे. संमतिवयाचा कायदा १८९१ मध्ये झाला आणि ह. ना. आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो’ याच सुमारास लिहिली जात होती. आपट्यांनी विधवेची कहाणी मराठीत सांगितली. अहमदनगरच्या कृपाबाईंनी दख्खनच्या सासुरवासाचे चित्र इंग्रजीत रेखाटले, आणि बहुधा त्यामुळेच मराठी वाङ्मयाच्या इतिहासात त्यांचा उल्लेख क्वचितच आढळतो.

मृत्यू व नंतर

कृपाबाईंचे एकुलते एक मूल वर्षाचे होण्यापूर्वीच दगावले. त्यानंतर क्षयाने जडावलेल्या स्थितीत त्यांनी ‘कमला’ पूर्ण केली. त्या ३२ व्या वर्षी वारल्या. १८९६ मध्ये त्यांचे संकीर्ण लेखन पुस्तकरूपाने निघाले, तसेच त्यांच्या कादंबऱ्या तमिळमध्येही आल्या. मद्रास वैद्यकीय महाविद्यालयात त्यांच्या नावे स्त्रियांसाठी शिष्यवृत्ती ठेवण्यात आली. शंभर वर्षांनी, १९९८ मध्ये, चांदनी लोकुगे यांनी संपादित केलेल्या दोन्ही कादंबऱ्यांच्या आवृत्त्या ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसने प्रसिद्ध केल्या. इंग्रजीच्या अभ्यासक प्रिया जोशी यांनी २००२ मधील आपल्या ग्रंथात भारतातील इंग्रजी कादंबरीच्या वाटचालीत कृपाबाईंना स्थान दिले आहे.