अनवाणी धावपटूंना ऑलिंपिकची वाट दाखविणारे दोराबजी

पिंपरी : जुन्या मुंबई-पुणे रस्त्याने निगडीहून निघाले, की चिंचवड, पिंपरी, कासारवाडी, दापोडी अशी कारखान्यांची रांग लागते. टाटा हे नाव या उद्योगनगरीत कोणालाही नवे नाही. मोटारी, पोलाद आणि वीज यांच्याशी ते कायमचे जोडले गेले आहे. मात्र भारताचा पहिला ऑलिंपिक संघ याच घराण्यातील एका उद्योगपतीने पुण्याच्या मैदानावरून उभा केला आणि १९२० मध्ये थेट बेल्जियमला पाठविला, याचे स्मरण फारच थोड्यांना आहे. सर दोराबजी टाटा हे त्या उद्योगपतीचे नाव. हा परिसर त्यांच्या परिचयाचा होता. तरुणपणी त्यांनी मुंबई ते खडकी हे अंतर घोड्यावरून नऊ तासांत कापल्याची हकिकत त्यांच्या चरित्रात आढळते.

दोराबजींचा जन्म २७ ऑगस्ट १८५९ रोजी मुंबईत झाला. जमशेटजी टाटा यांचे ते थोरले चिरंजीव. १८७७ मध्ये शिक्षणासाठी ते केंब्रिजच्या गॉनव्हिल अँड कीज महाविद्यालयात दाखल झाले. तेथील दोन वर्षांत अभ्यासाइतकीच मैदानाची गोडी त्यांना लागली. क्रिकेट, फुटबॉल, टेनिस, नौकानयन, घोडेस्वारी असे बहुतेक खेळ ते खेळले. खेळ हा रिकामपणाचा उद्योग नसून शिक्षणाचाच भाग आहे, ही इंग्लंडमध्ये रुजलेली कल्पना घेऊन ते १८७९ मध्ये मायदेशी परतले.

मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयातून १८८२ मध्ये त्यांनी पदवी घेतली. त्यानंतर सुमारे दोन वर्षे त्यांनी 'बॉम्बे गॅझेट' या वृत्तपत्रात काम केले. पुढे वडिलांच्या कापड व्यवसायात ते शिरले आणि नागपूरच्या एम्प्रेस मिलमध्ये त्यांनी कामाचे धडे गिरविले. मुंबईतील पारशी जिमखाना आणि शाळांची क्रीडा संघटना यांच्या उभारणीतही त्यांचा पुढाकार होता. वयाच्या चाळिशीच्या उंबरठ्यावर त्यांचा विवाह मेहेरबाई भाभा यांच्याशी झाला. पारशी पद्धतीची साडी नेसून टेनिसच्या कोर्टवर उतरणाऱ्या मेहेरबाईंनी अनेक बक्षिसे पटकावली होती. त्यामुळे खेळाचे वेड या घरात दोघांनाही होते.

पोलादाची शोधयात्रा

पोलादाचा कारखाना, जलविद्युत प्रकल्प आणि विज्ञान संस्था ही जमशेटजींची तीन मोठी स्वप्ने होती. तिन्ही अपुरी ठेवून १९०४ मध्ये त्यांचे निधन झाले. ती पूर्ण करण्याची जबाबदारी दोराबजींवर आली. लोहखनिजाच्या शोधात ते स्वतः चांदा जिल्ह्याच्या जंगलात बैलगाडीतून हिंडले होते. १९०७ मध्ये पोलाद कंपनीसाठी भांडवल उभारण्याची वेळ आली, तेव्हा लंडनच्या बाजाराने पाठ फिरविली. मग मुंबईत भारतीयांनाच आवाहन करण्यात आले आणि सुमारे तीन आठवड्यांत आठ हजारांच्या आसपास गुंतवणूकदारांनी ते भांडवल पुरे केले. १९१० मध्ये दोराबजींना 'सर' हा किताब मिळाला आणि १९१२ मध्ये साकची येथे पोलादाचे उत्पादन सुरू झाले.

कामगारनगरी वसवायची तर तेथे रुंद रस्ते, झाडे आणि फुटबॉल-हॉकीसाठी प्रशस्त मैदाने हवीत, असे जमशेटजींनी १९०२ मध्येच दोराबजींना पत्राने कळविले होते. कारखान्याच्या आराखड्यात मैदानाला जागा असावी, हा विचार त्या काळी नवखा होता. दोराबजींनी तो मनापासून स्वीकारला. साकचीचे नामकरण १९१९ मध्ये जमशेदपूर असे झाले. त्याच वर्षी पुण्यात एका वेगळ्याच गोष्टीची सुरुवात झाली.

जिमखान्याच्या मैदानावर

१९०६ मध्ये स्थापन झालेल्या पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने १९१९ मध्ये भरविलेल्या क्रीडास्पर्धांचे अध्यक्षपद दोराबजींकडे होते. स्पर्धेत उतरलेल्या धावपटूंमध्ये दख्खनच्या खेड्यांतून आलेले शेतकरी मोठ्या संख्येने होते. त्यांच्या पायात बूट नव्हते, अंगावर धावण्याचा पोशाख नव्हता आणि शास्त्रशुद्ध प्रशिक्षण कशाला म्हणतात, याची त्यांना कल्पना नव्हती. तरीही लांब पल्ल्याच्या शर्यतींत त्यांनी नोंदविलेल्या वेळा युरोपातील चांगल्या धावपटूंच्या जवळपास जाणाऱ्या होत्या. मैदानावर हजर असलेल्या अनेकांना त्यात विशेष काही वाटले नसेल. दोराबजींच्या केंब्रिजमध्ये तयार झालेल्या नजरेने मात्र त्या वेळांचा अर्थ ओळखला.

या स्पर्धांना मुंबई प्रांताचे गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड यांची उपस्थिती होती. पुढील वर्षी बेल्जियममध्ये अँटवर्प येथे ऑलिंपिक भरणार होते. भारताचा संघ तेथे पाठविता येईल का, हा विषय दोराबजींनी त्यांच्याकडे काढला. लॉइड यांच्या मदतीने सरकारी आणि ब्रिटिश ऑलिंपिक वर्तुळात हालचाली झाल्या आणि भारताला प्रवेश मिळाला. देश पारतंत्र्यात होता, पण ऑलिंपिकच्या यादीत त्याचे नाव स्वतंत्रपणे लागले. १९०० मध्ये पॅरिस येथे कोलकात्याच्या नॉर्मन प्रिचर्ड यांनी दोन रौप्यपदके मिळविली होती, पण ती एकट्या खेळाडूची कामगिरी होती. संघ म्हणून भारत प्रथमच निघाला होता.

निघणे तितके सोपे नव्हते. ऑलिंपिकचे निकष, अंतरे आणि वेळा यांची माहिती संयोजकांपैकीही फार थोड्यांना होती. महायुद्ध नुकतेच संपले होते. दुष्काळ आणि इन्फ्लुएन्झाच्या साथीने दख्खन होरपळून निघाले होते. अशा वेळी धावण्यासाठी माणसे विलायतेला पाठवावीत, ही कल्पना अनेकांना चैनीची वाटली असल्यास नवल नाही. खर्चाचा मोठा भार दोराबजींनी स्वतः उचलला. पुण्यात निवड चाचण्या झाल्या आणि चार धावपटू व दोन मल्ल अशा सहा जणांचा संघ निश्चित झाला.

या संघात पूर्मा बॅनर्जी, बेळगावचे फडेप्पा चौगुले, सदाशिव दातार आणि कैकाडी हे धावपटू होते. कुमार नवले आणि रणधीर शिंदे हे दोन मल्ल होते. सोहराब भूत आणि डॉ. फैजी यांच्याकडे व्यवस्थापनाची जबाबदारी होती. जून १९२० मध्ये हा संघ मुंबईहून बोटीने निघाला. अँटवर्पला जाण्याआधी लंडनमध्ये काही आठवडे त्यांचा सराव घेण्यात आला. नियमानुसार आखलेल्या सरावाशी त्यांच्यापैकी बहुतेकांची ही पहिलीच ओळख होती.

एका कुस्तीने हुकलेले पदक

पदकांच्या यादीत पाहिले, तर अँटवर्पमध्ये भारताच्या वाट्याला शून्य आले. बॅनर्जी शंभर आणि चारशे मीटर शर्यतींच्या प्राथमिक फेरीतच बाहेर पडले. दातार यांना मॅरेथॉन पूर्ण करता आली नाही. फडेप्पा चौगुले यांनी मात्र ४२ किलोमीटर ७५० मीटरची ती शर्यत २ तास ५० मिनिटे ४५ सेकंदांत पूर्ण करून एकोणिसावा क्रमांक मिळविला. एवढ्या लांबीची मॅरेथॉन त्यापूर्वी कोणत्याही ऑलिंपिकमध्ये झाली नव्हती. विजेत्या फिनलंडच्या हान्नेस कोलेहमायनेन यांच्यापेक्षा चौगुले अठरा मिनिटांनी मागे होते.

कुस्तीत नवले पहिल्याच लढतीत पराभूत झाले. रणधीर शिंदे यांनी फेदरवेट गटात ब्रिटनच्या मल्लाला हरवून उपांत्य फेरी गाठली. तेथे अमेरिकेच्या सॅम गर्सन यांनी त्यांना रोखले आणि ब्राँझपदकाच्या लढतीत ब्रिटनच्या बर्नार्ड यांच्याकडून ते हरले. तांबड्या मातीत तयार झालेला मल्ल परक्या नियमांनी, मॅटवर खेळत होता. त्या एका कुस्तीचा निकाल वेगळा लागला असता, तर भारतीय कुस्तीचे पहिले पदक १९२० मध्येच आले असते. ते येण्यासाठी १९५२ पर्यंत, म्हणजे बत्तीस वर्षे थांबावे लागले. कराडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधव यांनी हेलसिंकी येथे ते मिळविले, तेव्हाही त्यांच्या प्रवासासाठी वर्गणी गोळा करावी लागली होती.

अँटवर्पच्या अपयशाने दोराबजी खचले नाहीत. त्याच वर्षी ते आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीचे सदस्य झाले. सहा खेळाडूंची निवड घाईने करून पदके मिळत नाहीत, त्यासाठी प्रांताप्रांतांत संघटना हवी, हा धडा त्यांनी घेतला. मद्रासच्या 'वायएमसीए'मधील शारीरिक शिक्षणतज्ज्ञांच्या साह्याने प्रांतिक स्पर्धांचे जाळे विणले जाऊ लागले. १९२४ मध्ये दिल्लीत अखिल भारतीय स्पर्धा झाल्या आणि त्यातून पॅरिस ऑलिंपिकसाठी अधिक मोठा संघ निवडला गेला.

मुळशीची दुसरी बाजू

दोराबजींचे चरित्र लिहिताना याच वर्षांतील एक प्रकरण वगळता येत नाही. मुंबईच्या गिरण्यांना वीज पुरविण्यासाठी टाटा कंपन्यांनी सह्याद्रीत धरणे बांधण्यास सुरुवात केली होती. खोपोलीचे वीजकेंद्र १९१५ मध्ये सुरू झाले. आंध्रा नदीवरील धरणाचे पाणी १९२२ पासून भिवपुरीत वीज निर्माण करू लागले. मुळशी खोऱ्यातील नियोजित धरणाखाली सुमारे पन्नास गावांची जमीन जाणार होती. १९२१ मध्ये सेनापती बापट आणि विनायकराव भुस्कुटे यांच्या नेतृत्वाखाली मावळ्यांनी सत्याग्रह पुकारला. सत्याग्रही तुरुंगात गेले आणि १९२४ च्या सुमारास तो लढा मोडला. धरण झाले, भिऱ्याची वीज १९२७ मध्ये मुंबईकडे वाहू लागली आणि भातखाचरे पाण्याखाली गेली.

दख्खनच्या शेतकऱ्याच्या पायातील वेग ओळखणारा उद्योगपती आणि मावळच्या शेतकऱ्याची जमीन घेणाऱ्या उद्योगसमूहाचा प्रमुख, ही एकच व्यक्ती होती. यापैकी एक गोष्ट सांगून दुसरी झाकणे इतिहासाला धरून होणार नाही. उद्योगाने या भूभागाला काय दिले आणि त्याच्याकडून काय घेतले, हा प्रश्न तेव्हापासूनचा आहे. चाकणपर्यंत पसरलेल्या आजच्या औद्योगिक पट्ट्यातही जमिनीचा विषय निघाला, की तो नव्याने उभा राहतो.

गहाण पडलेला हिरा

१९२४ हे वर्ष दोराबजींच्या कसोटीचे ठरले. महायुद्धानंतरच्या मंदीत पोलादाचे भाव कोसळले. परदेशी पोलादाशी स्पर्धा करताना जमशेदपूरचा कारखाना बंद पडण्याच्या बेताला आला. कामगारांच्या पगारासाठी पैसे उरले नसल्याची तार मुंबईत येऊन थडकली. दोराबजींनी आपली सुमारे एक कोटी रुपयांची वैयक्तिक मालमत्ता इंपीरियल बँकेकडे गहाण ठेवली. तीत मेहेरबाईंचे दागिने होते आणि दोराबजींनी त्यांना दिलेला २४५ कॅरटचा 'ज्युबिली' हिराही होता. कारखाना तरला आणि पुढे कर्जही फिटले. त्याच वर्षी भारताचा दुसरा ऑलिंपिक संघ पॅरिसमध्ये खेळला, ही बाब लक्षात घेण्याजोगी आहे.

१९२७ मध्ये भारतीय ऑलिंपिक संघटना स्थापन झाली आणि दोराबजी तिचे पहिले अध्यक्ष झाले. पुढच्याच वर्षी त्यांनी हे पद सोडले आणि पतियाळाचे महाराजा भूपिंदरसिंग त्यांच्या जागी आले. मात्र १९२८ मध्ये अ‍ॅमस्टरडॅम येथे भारतीय हॉकी संघाने अंतिम सामन्यात हॉलंडला ३-० असे नमवून देशाचे पहिले सुवर्णपदक जिंकले, तेव्हा त्यामागे उभी असलेली संघटना दोराबजींच्या काळात आकाराला आलेली होती. त्या स्पर्धेत १४ गोल करणाऱ्या ध्यानचंद यांचेच नाव पुढे पिंपरीत नेहरूनगरच्या हॉकी मैदानाला मिळाले.

जून १९३१ मध्ये रक्ताच्या कर्करोगाने मेहेरबाईंचे निधन झाले. या दांपत्याला अपत्य नव्हते. पत्नीच्या नावाने रक्ताच्या कर्करोगावरील संशोधनासाठी दोराबजींनी निधी उभारला आणि मार्च १९३२ मध्ये आपली सारी संपत्ती विश्वस्त निधीला देऊन टाकली. पत्नीच्या समाधीचे दर्शन घेण्यासाठी ते युरोपला निघाले असताना, ३ जून १९३२ रोजी जर्मनीतील बाड किसिंगेन येथे त्यांचा मृत्यू झाला. इंग्लंडमध्ये ब्रुकवुड येथे पत्नीच्या शेजारी त्यांचे दफन करण्यात आले. मुंबईचे टाटा मेमोरियल रुग्णालय आणि टाटा समाजविज्ञान संस्था त्यांच्या निधीतूनच उभ्या राहिल्या.

उद्योगनगरीतला वारसा

दोराबजींच्या मृत्यूनंतर तीन दशकांहून अधिक काळाने टेल्कोचा कारखाना पिंपरी-चिंचवडमध्ये आला. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून जायबंदी झालेले सांगली जिल्ह्यातील जवान मुरलीकांत पेटकर यांना याच टेल्कोत नोकरी मिळाली. १९७२ मध्ये जर्मनीतील हायडेलबर्ग येथे झालेल्या पॅरालिंपिक स्पर्धेत पेटकर यांनी पन्नास मीटर जलतरणाची शर्यत ३७.३३ सेकंदांत जिंकली. कोणत्याही भारतीयाने पॅरालिंपिकमध्ये मिळविलेले ते पहिले सुवर्णपदक होते. महिन्याकाठी हाती पडणारा पगार खेळाडूच्या पाठीशी किती भक्कमपणे उभा राहू शकतो, हे त्यातून दिसले.

पुढे १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धा आणि २००८ च्या राष्ट्रकुल युवा स्पर्धा पिंपरी-चिंचवडला लागून असलेल्या बालेवाडीत झाल्या. ज्या परिसरातील धावपटूंना १९२० मध्ये स्पर्धेसाठी समुद्र ओलांडावा लागला, तेथेच परदेशांचे संघ खेळायला आले.

दोराबजींनी पाठविलेल्या सहा जणांनी एकही पदक आणले नाही आणि त्यांच्यापैकी बहुतेकांची नावे विस्मरणात गेली. पण बूट नसलेल्या शेतकऱ्याची तुलना गावातल्या दुसऱ्या शेतकऱ्याशी न करता जगातील सर्वोत्तम धावपटूशी करावी, हे त्यांनी प्रथम मानले आणि त्यासाठी स्वतःच्या खिशात हात घातला. गावोगावच्या जत्रांत, तालमींत आणि शालेय मैदानांवर असे खेळाडू आजही आहेत. त्यांच्या वेळा मोजणारा कोणीतरी मैदानावर हजर असावा लागतो.