बोली लिहून ठेवणारा पाद्री: ब्राझीलचा जुझे द आंशियेता

काजूचा हंगाम आला की चंदगड, खानापूरपासून पार सत्तरीपर्यंत बोंडूंचा वास सुटतो. हे झाड आपल्या मातीतलं नव्हे, पोर्तुगीजांनी ते ब्राझीलहून आणलं, हे बहुतेकांना ठाऊक असतं. पण काजू हा शब्दही तिथलाच, हे फारसं कुणी सांगत नाही. ब्राझीलच्या किनाऱ्यावरचे तुपी लोक या फळाला अकाजू म्हणत. पोर्तुगीजांच्या तोंडून तो शब्द गोव्यात आला आणि आपला झाला. अननसाचंही तसंच. म्हणजे तुपी भाषेचे निदान दोन शब्द आपण कायम तोंडात घोळवतो. त्या भाषेचं पहिलं व्याकरण एका आजारी मुलाने लिहिलं. तो ब्राझीलला पोचला तेव्हा जेमतेम एकोणीस वर्षांचा होता.

जुझे द आंशियेता याचा जन्म १९ मार्च १५३४ चा, कॅनरी बेटांपैकी तेनेरिफे बेटावरच्या ला लागुना गावातला. म्हणजे तसा तो स्पेनच्या राजाचा प्रजाजन. वडील बास्क, जेझुइट संघ स्थापन करणाऱ्या इग्नेशियस लोयोलाच्या घराण्याशी नातं सांगणारे. आईच्या माहेरी मात्र ख्रिस्ती झालेल्या ज्यूंचं रक्त होतं. त्या काळच्या स्पेनमध्ये ही गोष्ट माणसाच्या पाठी लागायची. मुलाला शिकायला स्पेनमध्ये न पाठवता पोर्तुगालच्या कोइंब्राला पाठवलं, त्यामागे हेच कारण असावं असं पुष्कळ अभ्यासक मानतात. तेव्हा तो चौदा वर्षांचा होता. लॅटिनवर त्याची पकड अशी बसली की पुढे तो आयुष्यभर लॅटिनमध्ये सहज पद्य करत राहिला.

१५५१ मध्ये, सतराव्या वर्षी, तो जेझुइट झाला. त्या दिवसांत कोइंब्राच्या जेझुइटांत फ्रान्सिस झेवियरची पूर्वेकडून आलेली पत्रं मोठ्या आवडीने वाचली जात. गोवा, मलाक्का, जपान ही नावं ऐकून पोरं भारावून जायची. आंशियेताला मात्र तिकडे जायचं भाग्य नव्हतं. संघात आल्यावर थोड्याच दिवसांत तो आजारी पडला. पाठीचा कणा वाकला आणि तो बाक जन्मभर राहिला. हाडांचा क्षय असावा असं आज म्हणतात. पाठीवर शिडी पडली अशीही एक कथा आहे. दुखण्याला उतार पडेना, तेव्हा वरिष्ठांनी ठरवलं की ब्राझीलची हवा चांगली आहे, याला तिकडे पाठवावं. धर्मप्रचाराच्या इतिहासातलं हे एवढं मोठं नाव, पण तो गेला मुळात हवापालटाला!

८ मे १५५३ ला लिस्बनहून गलबत सुटलं आणि १३ जुलैला बाहियाला लागलं. तिथून दक्षिणेकडे साओ व्हिसेंतेला जाताना वाटेत जहाज वादळात सापडून मोडलं, तरी माणसं वाचली. नाताळच्या आदल्या दिवशी ही मंडळी मुक्कामी पोचली. तिथला प्रमुख होता मानुएल द नोब्रेगा, १५४९ मध्ये ब्राझीलला आलेल्या पहिल्या जेझुइट तुकडीचा म्होरक्या. त्याने या पोराला किनाऱ्यावर ठेवलंच नाही. डोंगर चढून पठारावर, पिरातिनिंगा नावाच्या जागी पाठवलं. तिबिरिसा हा तिथला मूळनिवासी सरदार. त्याच्या आश्रयाने २५ जानेवारी १५५४ ला, संत पॉलच्या सणादिवशी, एका झोपडीत पहिली मिस्सा झाली आणि शाळा सुरू झाली. आजचं साओ पाउलो शहर आपला वाढदिवस धरतं तो हाच दिवस.

त्या झोपडीचं वर्णन आंशियेताने पत्रात करून ठेवलंय. कुडाच्या भिंती, वर गवत. लांबी चौदा पावलं, रुंदी दहा. एवढ्याशा जागेत शाळा, आजाऱ्यांची खाट, जेवायची जागा, कोठार, स्वयंपाकघर आणि झोपायचं ठिकाण, सगळं एकत्र. पठारावर थंडी कडाक्याची आणि पांघरूण पुरेसं नाही. चुलीचा धूर असह्य झाला की गुरुजी आणि पोरं बाहेर थंडीत बसत. पुस्तकं नव्हतीच. प्रत्येकाचा धडा आंशियेता हाताने वेगळा उतरवून देई, त्यात रात्र सरायची. दिवसा लॅटिन शिकवायचं, रानातल्या काटेरी झाडाचा वाख काढून सपाता विणायच्या, कुणाला ताप आला तर त्या काळच्या समजुतीप्रमाणे शीर कापून रक्त काढायचं. पाठीत बाक असलेल्या विशीतल्या माणसाचा हा दिनक्रम! आणि गंमत म्हणजे त्याची तब्येत तिथे सुधारली.

शिकवता शिकवता तो शिकत होता. दोनेक वर्षांत तुपीचं व्याकरण त्याने हस्तलिखित रूपात तयार केलं. १५६० पर्यंत ते बाहियाच्या जेझुइटांतही अभ्यासाला लागलं होतं. या व्याकरणात एक जागा अशी आहे की मराठी वाचणाऱ्याने थांबावं. युरोपच्या भाषांत पहिल्या पुरुषाच्या अनेकवचनाला एकच शब्द. तुपीत दोन. ऐकणाऱ्याला धरून बोलायचं तर यांदे, त्याला वगळून बोलायचं तर ओरे. लॅटिनच्या साच्यात हे बसेना, म्हणून आंशियेताने ते वेगळं करून सांगितलं. आपल्याला यात सांगण्यासारखं काहीच वाटत नाही, कारण आपल्याकडे आपण आणि आम्ही आहेच. आपण जेवूया आणि आम्ही जेवतो यातला फरक कुठल्याही मराठी पोराला कळतो. लॅटिन, स्पॅनिश, पोर्तुगीजवर वाढलेल्या माणसाला मात्र तो कान देऊन टिपावा लागला. त्याच काळी पोर्तुगीज लेखकांत एक कुत्सित शेरा फिरत होता. तुपीत फ, ल आणि जोरकस र हे उच्चार नाहीत, म्हणून या लोकांना श्रद्धा नाही, कायदा नाही आणि राजाही नाही. कारण पोर्तुगीजमध्ये हे तीन शब्द त्याच अक्षरांनी सुरू होतात. आंशियेतानेही कुठले उच्चार नाहीत ते नोंदवलंय, पण व्याकरणकाराच्या पद्धतीने, टिंगल न करता.

१५६३ साल आलं तेव्हा पोर्तुगीजांविरुद्ध किनाऱ्यावरचे तामोयो उठले होते. वसाहतवाले त्यांची माणसं धरून उसाच्या मळ्यांवर राबवत, हे त्याचं मूळ. रिओच्या खाडीत बसलेल्या फ्रेंचांची तामोयोंना साथ होती. नोब्रेगा आणि आंशियेता तह करायला इपेरोइगला, म्हणजे आजच्या उबातुबाच्या किनाऱ्यावर गेले. नोब्रेगाला तुपी नीट येत नसे, त्यामुळे बोलणी आंशियेताच्या तोंडून. पुढे नोब्रेगा परतला आणि आंशियेता ओलीस म्हणून मागे राहिला. वय एकोणतीस. पिंदोबुसू नावाच्या सरदाराने त्याला सांभाळलं, तर आइंबिरेसारखे काही जण तहाच्या पूर्ण विरोधात होते. वैऱ्याला धरून मारायचं आणि समारंभाने खायचं, ही त्या लोकांची रीत होती. तेव्हा धोका पोकळ नव्हता. पाहुण्याला बाई देण्याची रीतही होती. ती त्याने नाकारली, तेव्हा यजमान कोड्यात पडले.

या दिवसांत त्याने मेरी मातेवर लॅटिन काव्य रचायचा नवस केला. कागद नव्हता, ओळी डोक्यात साठवल्या आणि सुटल्यावर लिहून काढल्या. जवळपास सहा हजार ओळी. काठीने वाळूत ओळी लिहिणारा आंशियेता ब्राझीलच्या चित्रांत दिसतो. ती दंतकथा समजावी, पण पाठांतर खरं. ओव्या आणि अभंग पिढ्यान्‌पिढ्या तोंडपाठ ठेवणाऱ्यांना ते अशक्य वाटणार नाही.

सप्टेंबरात तो सुटला. तहाचं पुढे काय झालं? पोर्तुगीजांना उसंत मिळाली. १ मार्च १५६५ ला एस्तासिओ द सा याने रिओ द जानेरोची पायाभरणी केली, आंशियेता त्या मोहिमेबरोबर होता. १५६७ मध्ये फ्रेंच आणि त्यांच्या साथीला असलेले तामोयो हरले. १५७५ च्या काबो फ्रिओच्या मोहिमेत उरलेले बहुतेक तामोयो कापले गेले किंवा गुलाम झाले. शांततेसाठी ओलीस राहिलेल्या माणसाने खरोखर शांतता आणली का, हा प्रश्न तिथले इतिहासकार आजही विचारतात.

आणि आंशियेताला यातून सोडवता येत नाही. वसाहतवाल्यांच्या गुलामगिरीविरुद्ध जेझुइट लढले, त्यात तोही होता. पण त्याच्या पत्रांत असंही येतं की या लोकांना धर्म समजवायला तलवार आणि लोखंडी दांडा यांच्याइतका उपदेशक नाही. गव्हर्नर मेम द साच्या मोहिमांची स्तुती करणारं, मूळनिवाशांची गावं जाळल्याचं गौरवाने सांगणारं लॅटिन महाकाव्यही त्याच्याच नावावर आहे. जेझुइटांनी बाप्तिस्मा घेतलेल्यांना एकेका गावात आणून वसवलं, तिथे देवीची साथ शिरली आणि गावंच्या गावं रिकामी झाली. वीस वर्षांत एवढी माणसं कुठे गेली यावर विश्वास बसत नाही, अशा अर्थाची खंत त्याच्या नावाच्या एका टिपणात उतरली आहे. आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांसाठी तर त्या संघाने तेवढाही आवाज उठवला नाही.

पाद्री म्हणून दीक्षा त्याला १५६६ मध्ये, बत्तिसाव्या वर्षी मिळाली. नंतर तो ब्राझीलच्या सगळ्या जेझुइटांचा प्रमुख झाला, किनारा पायी पालथा घातला. त्या वर्षांबद्दल चमत्कारांच्या कथा पुष्कळ आहेत, त्या सोडून देऊ. नाटकांबद्दल मात्र सांगायला हवं. तो तुपी, पोर्तुगीज आणि स्पॅनिश मिसळून नाटकं लिही आणि ती गावातली पोरं करत. १५८७ च्या सुमाराचं संत लॉरेन्सवरचं नाटक आजच्या नितेरोईत झालं. त्यातल्या सैतानांची नावं आहेत ग्वाइशारा आणि आइंबिरे. ही दोन्ही तामोयो सरदारांची नावं. इपेरोइगला ज्याच्याशी घासाघीस केली, त्याला वीसेक वर्षांनी रंगमंचावर सैतान करून उभं केलं, तेही त्याच्याच भाषेत बोलायला लावून. बघणारे होते तामोयोंचे जुने वैरी तेमिमिनो. यांदे कुठे संपतं आणि ओरे कुठे सुरू होतं, हे व्याकरण लिहिणाऱ्याला नेमकं ठाऊक होतं.

आपल्याकडे हे चित्र अनोळखी नाही. फादर थॉमस स्टीफन्स १५७९ मध्ये गोव्यात उतरले, ओवी शिकले, १६१६ मध्ये रायतूरला त्यांचं ख्रिस्तपुराण छापून निघालं. स्वर्गाला त्यांनी वैकुंठ म्हटलं. आंशियेताच्या मंडळींनी देवाला तुपां म्हटलं, म्हणजे तुपींची मेघगर्जना. स्टीफन्स यांचं कोकणीचं व्याकरण त्यांच्या मागे १६४० मध्ये निघालं. आंशियेताचं मात्र त्याच्या हयातीत, १५९५ मध्ये, कोइंब्राला छापलं गेलं; लिहिल्यावर जवळपास चाळीस वर्षांनी.

मग हुकूम आले. गोव्यात १६८४ मध्ये लोकांची बोली सोडायला लावणारा निघाला, ब्राझीलमध्ये १७५७ मध्ये पोर्तुगीजखेरीज दुसरी भाषा नको असा. १७५९ मध्ये जेझुइटांनाही दोन्हीकडून हाकललं. भाषेवर हुकूम निघाला की घराघरात काय होतं, हे या भागात कुणाला वेगळं सांगायला नको. कोकणी तगली, मराठीही तगली. किनाऱ्यावरची तुपी बोलीतून गेली. तिची एक लेक, न्येंगातू, आमेझॉनच्या खोऱ्यात रिओ नेग्रोकाठी अजून बोलली जाते. जुनी तुपी पुन्हा शिकायची म्हटली तर आंशियेताच्या व्याकरणाला वळसा घालून जाता येत नाही. ज्यांची गावं मोडली त्यांच्या वंशजांनाही तेच पुस्तक उघडावं लागतं.

शेवटची वर्षं त्याने एस्पिरितो सांतोच्या किनाऱ्यावर रेरितिबा गावात काढली. तिथेच ९ जून १५९७ ला तो गेला, वय त्रेसष्ट. मूळनिवाशांनी त्याचा देह खांद्यावर घेऊन किनाऱ्याने कितीतरी कोस चालत विटोरियाला नेला. पोप फ्रान्सिस यांनी ३ एप्रिल २०१४ ला त्याला संत जाहीर केलं.

रेरितिबा हे तुपी नाव, अर्थ कालवांची जागा. जेझुइट गेल्यावर गावाचं नाव बदलून पोर्तुगीज बेनेवेंते झालं. एकोणिसाव्या शतकात ते पुन्हा बदललं. आता त्या गावाला आंशियेता म्हणतात.